रक्तवाढीच्या गोळ्या

घरात कुणीतरी चोरी करतंय, हे मायच्या लक्षात पहिल्यांदा आलं ते चुलीवरून. आमची चूल माय दरवर्षी स्वतःच्या हातानं घालायची. नाल्याकाठची चिकणमाती आणायची, त्यात भुसकट मळायचं, आणि वाळली की वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवायचा. त्या चुलीचा तिला अभिमान होता. एका सकाळी राख काढताना तिला दिसलं की चुलीची मागची कड कुरतडलेली आहे. उंदीर म्हणावा तर उंदीर भाजलेली माती कशाला खाईल? तिनं कड लिंपली. चार दिवसांनी ती पुन्हा खरवडलेली. मग तिच्या मनात दुसरंच काही आलं. ते तिनं तोंडानं उच्चारलं नाही, कारण आमचं घर बौद्धाचं आणि करणी-भानामती असल्या गोष्टी आमच्यात मानायच्या नाहीत, असं ती स्वतःच शेजारणींना ऐकवायची. पण त्या दिवसापासून ती शेतात जाताना दाराची कडी दोनदा ओढून पाहू लागली.

रिठदपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. बाबा मी लहान असतानाच गेले. भाऊ वाशीमला एका ऑफिसात शिपाई होता. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा आणि सोमवारी सकाळी परत जायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघीच. माय, नववीत शिकणारी मी, आणि वहिनी. वहिनी केनवडची. लग्नाला वर्ष झालेलं आणि पाचवा महिना चालू. बोलायला कमी, रंगानं उजळ. लोक म्हणायचे, गोरी सून आणली. तो गोरेपणा कसला होता हे आज मला कळतं. तेव्हा मला तिचा हेवा वाटायचा.

चुलीनंतर तांदूळ. आमच्या घरी रोजची ज्वारीची भाकर. तांदूळ पाहुण्यांसाठी आणि जयंतीच्या खिरीसाठी एका डब्यात ठेवलेले. माय डबा उघडून तांदळावर तळहात फिरवायची, ते सपाट करायची आणि बोटानं वर एक रेघ ओढून ठेवायची. दुसऱ्या दिवशी रेघ मोडलेली असायची. मायनं मला गोठ्यामागं बोलावलं.

"तांदूळ कमी होऊन राह्यले, शशी. मी नाही खाल्ले, तू नाही खाल्ले. मंग?"

मी गोठ्याच्या भिंतीला टेकून ऐकत होते.

"तिचा भाऊ बाजाराच्या दिवशी येते न, थैली घेऊन? थैली रिकामी आणते तो. जाताना रिकामी नेते का, हे कोनं पाह्यलं?" ती जवळ आली. "तू नजर ठेव तिच्यावर. मी वावरात राह्यतो दिवसभर. तू शाळेतून आली का पाह्यत जाय, कुठं जाते, काय बांधते पदरात."

मला ते काम आवडलं. खोटं कशाला सांगू? घरात वहिनी आल्यापासून माय माझ्याशी अशी हळू आवाजात, जवळ येऊन बोलली नव्हती.

त्याच सुमारास नर्सबाई गावात येऊ लागली. दर मंगळवारी फाट्यावर उतरायची आणि चालत येऊन आमच्या विहाराच्या ओसरीत पिशवी टेकवायची. पोटुशा बायांना तिथं बोलावणं जायचं. जातीनं ती कुणब्याची, रिसोडकडची, एवढं मायनं पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. तिनं वहिनीला उजेडात उभं केलं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "एकदम पांढरी हाये," ती म्हणाली. "हिच्या अंगात रक्त नाही."

माय म्हणाली, "रक्त नाही तं चालते कशी?"

"चालते म्हणूनच तुम्हाले समजत नाही, आजी." मायला तोवर कुणी आजी म्हटलं नव्हतं. "हिरवी भाजी द्या, गूळ-शेंगदाणे द्या. काळीज चालते न तुमच्यात? आठवड्यातून एकदा काळीज द्या."

नर्सबाईच्या मनात काय होतं, देव जाणे असं म्हणायची आमच्यात सोय नाही, पण खरंच कुणाला ठाऊक! माय घरी आली. मग ओट्यावर बसून म्हणाली, "'तुमच्यात' म्हंते. तिच्यात का चालते, हे इचारा लागत होतं मी तिले." माझ्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला तेव्हा गावकीची कामं सोडली, मेलेल्या जनावराचं मटण सोडलं. गावानं त्यासाठी त्यांचं पाणी बंद केलं तरी ते हटले नाहीत. बकऱ्याचं काळीज ही वेगळी गोष्ट, ते आम्ही सणाला खातही होतो. पण त्या एका 'तुमच्यात'नं मायला सगळं जुनं आठवलं असणार. त्यात नर्सबाईनं आमच्या घरचा चहा घेतला नाही. "आताच झाला," म्हणाली. तो खरंच झाला होता का, हा प्रश्न माय मला आठवडाभर विचारत होती.

नर्सबाईनं कागदाच्या पुडीत लाल गोळ्या दिल्या होत्या. रक्तवाढीच्या. रोज एक, जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत. त्यावर चहा नाही. मायनं पुडी उघडून एक गोळी नाकाशी धरली. "गंजलेल्या खिळ्याचा वास येते," ती म्हणाली, आणि ते बरोबर होतं, कारण त्या गोळीत लोहच होतं. पण हे आम्हाला तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही. काही वर्षांपूर्वी गावातल्या माणसांना जीपमध्ये घालून नसबंदीच्या शिबिराला नेलं होतं. माझ्या धाकट्या काकालाही त्यात नेलं होतं. त्याला तोवर एकही लेकरू नव्हतं. तेव्हापासून सरकारनं फुकट दिलेली कोणतीही वस्तू आमच्या घरात उलटी करून पाहिली जायची. तरी वहिनीनं गोळी सुरू केली. चौथ्या दिवशी ती परसाकडून आली ती सरळ मायसमोर जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, काळं झालं. डांबरावानी काळं."

मायनं पुडी उचलली. नाल्यावर गेली आणि गोळ्या एकेक करून पाण्यात फेकल्या, जणू त्यातली एखादी परत येईल. मी मागं उभी होते. "कोनाले सांगशीन तं पाह्य," ती म्हणाली. मग वहिनीला शिकवण दिली: नर्सबाईनं विचारलं तर घेते म्हणायचं. पुढच्या मंगळवारी वहिनी "घेतो" म्हणाली, नर्सबाईनं तिची जीभ पाहिली, मायकडे पाहिलं आणि दुसरी पुडी दिली. ती पुडीही नाल्यात गेली. नर्सबाईला वाटत होतं की सासू सुनेला उपाशी ठेवते. मायला वाटत होतं की नर्सबाई आमचा वंश बुडवायला आली आहे. आणि मी वहिनीच्या मागं मागं फिरत होते.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पुढं मी शिक्षिका झाले. निवृत्तीच्या आधीची काही वर्षं आमच्या शाळेत मुलींना आठवड्यातून एकदा लोहाची गोळी द्यावी लागायची. गोळीच्या दिवशी फाटकावर दोन-तीन आया उभ्या असत. "मॅडम, हे कायची गोळी हाये? पोरीले पुढं लेकरू होईन न?" माझ्या सोबतच्या मास्तरांना त्यांचा राग यायचा. मला यायचा नाही. मोबाईलवर कुणीतरी काहीतरी पाठवलेलं असायचं हे खरं, पण संशय मोबाईलपेक्षा जुना आहे. मी त्यांना आत बोलावून बसवायचे आणि शौचास काळं होईल, घाबरू नका, हे सगळ्यात आधी सांगायचे.

तर वहिनी. एका दुपारी शाळा लवकर सुटली. वहिनी धुण्याची बादली घेऊन निघाली होती, पण नाल्यावर न थांबता पुढं गेली. गावाबाहेर एक खदान होती, तिथून बाया घर सारवायला पांढरी माती आणत. मी बाभळीच्या आडून पाहत होते. वहिनी खाली बसली, दगडानं मातीचा एक कोरडा पापुद्रा काढला, पदराला पुसला आणि तोंडात टाकला. हळूहळू चावला. डोळे मिटले. मग दुसरा. उन्हाळ्यातला पहिला आंबा माणूस खातो तशी ती माती खात होती. माझ्या पायाखाली काटकी मोडली आणि तिनं वळून पाहिलं. तिच्या ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या होत्या.

"शशीबाई," ती म्हणाली, "नोको सांगू आत्याबाईले. मले राहवतच नाही. सकाळपासून याचाच वास येते नाकात. मी पागल झालो का, मले समजत नाही."

"तांदूळबी तूच खाते?"

"कच्चे. मूठ-मूठ. अन् चुलीची माती." ती रडत नव्हती. तिला दम लागला होता, नुसती उठून उभी राहिली तरी. "तुह्या पाया पडतो."

मी मान हलवली. ती मान हो म्हणून होती. आणि संध्याकाळी माय वावरातून येऊन पाय धूत होती, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. मला कुणी विचारलंही नव्हतं. या वयात त्याचं कारण शोधायला बसते तेव्हा एवढंच सापडतं की मायनं मला जवळ घ्यावं, असं मला वाटत होतं. तिनं घेतलं नाही. ती ओल्या पायांनी आत गेली आणि तिनं वहिनीच्या पदराची गाठ सोडली. मातीचे चार खडे जमिनीवर पडले.

"माह्या घरात भाकर नाही का?" माय ओरडली. "लोकं काय म्हनतीन? सासू सुनेले माती चारते? अन् पोटातलं लेकरू, तेबी माती खाऊन राह्यलं का?" शेजारची माणसं दाराशी आली. वहिनी भिंतीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती. ती मायकडे पाहत नव्हती. ती नजर मी आजवर कुणाला नीट सांगू शकले नाही.

शनिवारी भाऊ आला. मायनं त्याला ताट वाढता वाढता सांगितलं. आमच्या घरी रीत अशी की आधी गडीमाणूस जेवायचा, मग मी, मग माय, आणि भाजीच्या गंजात तळाला जे उरेल ते सून. अंबाडीची भाजी असो की हुलग्याचं कालवण, वहिनीच्या भाकरीला बहुतेक पातळ रस्साच यायचा. हे आम्हाला कुणालाच वाईट वाटत नव्हतं. मायनंही सून असताना तेच खाल्लं होतं. वर आमची जुनी लोखंडी कढई त्या वर्षी मायनं माळ्यावर टाकली होती आणि हलकी म्हणून जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, भांडी घेतली होती. "फसवलं आपल्याले," माय म्हणाली. "रोगी पोरगी देल्ली. मी तिले केनवडले घेऊन जातो. त्यायच्याच घरी होऊ दे बाळंतपन." भाऊ भाकरी मोडत राहिला. शेवटी म्हणाला, "तुले पटते तसं कर, माय." आणि सोमवारी वाशीमला निघून गेला.

मंगळवारी माय, वहिनी आणि मी फाट्याकडे निघालो. वहिनीच्या डोक्यावर कपड्यांचं गाठोडं, माझ्या हातात पाण्याचा तांब्या. ऊन वाढलं होतं. अर्ध्या वाटेत वहिनी थांबली, छातीवर हात ठेवला, पुन्हा चालली. पुन्हा थांबली. "सोंग करू नोको," माय म्हणाली. मी गाठोडं माझ्या डोक्यावर घेतलं. फाट्यावर पोचलो आणि वहिनी उभ्याची खाली बसली आणि बसल्याची आडवी झाली. तिच्या गळ्याजवळची शीर एवढी उडत होती की मला ती मोजता आली असती. बसची वाट पाहणारे चार-सहा लोक भोवती जमले. तेवढ्यात एसटी येऊन थांबली आणि तिच्यातून नर्सबाई उतरली.

तिनं पिशवी टाकली आणि वहिनीचा हात हातात घेतला. बोटं उलटी करून पाहिली. मग आम्हाला दाखवली. नखं मधे खोलगट झाली होती, एकेका नखात पाण्याचा थेंब बसावा अशी. नर्सबाईनं वर पाहिलं.

"माती खाते का ही?"

मायचा चेहरा उतरला. आणि लगेच ती माझ्याकडे वळली. "तू सांगतलं?"

"मले कोणीच नाही सांगतलं," नर्सबाई म्हणाली. "नखं दिसून राह्यली मले. अंगातलं लोह संपलं का असंच होते. माती खावीशी वाटते, कच्चे तांदूळ, चुलीचं पोपडं, खडू. कोणी बर्फ मागते. ही चोर नाही अन् पागलबी नाही, आजी. बिमार हाये. अन् माती पोटात गेली का अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, म्हणून आणखी खाते, आणखी बिमार होते." मग तिनं आवाज खाली आणला. "दोन पुड्या देल्ल्या मी. घेतल्या असत्या तं थोडातरी फरक पडला असता. खरं सांगा, कोण खाते गोळ्या?"

वहिनी डोळे मिटून पडली होती. माय म्हणाली, "घेते न ते. रोज घेते."

"नाही घेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच फार मोठा वाटला. "मायनं नाल्यात फेकल्या. दोन्ही पुड्या."

माय मला मारील असं वाटलं. लोक होते म्हणून मारलं नाही, किंवा दुसऱ्या कशानं. तिनं नर्सबाईच्या डोळ्यांत पाहिलं. "फेकल्या," ती म्हणाली. "काळं झालं तिले. माह्या दिराले जीपमध्ये घालून नेलं तुमच्या लोकायनं. मले काय माहीत, गोळीत काय हाये? तू खाय. माह्यासमोर खाय एक."

नर्सबाईनं पिशवीतून पुडी काढली, एक लाल गोळी तळहातावर घेतली. मग माझ्याकडे हात केला. "पाणी दे."

माझ्या हातात आमच्या घरचा तांब्या. मी मायकडे पाहिलं. भोवतीच्या लोकांत नर्सबाईच्या जातीचे दोघंतिघं होते, तेही पाहत होते. तिनं थोडा वेळ घेतला का? मी ते क्षण पुष्कळदा आठवून पाहिले आहेत. कधी वाटतं घेतला, कधी वाटतं मीच तांब्या पुढं करायला वेळ लावला. तिनं तांब्या घेतला, ओठाला लावला, गोळी गिळली. आणखी दोन घोट प्यायली. "काळं होते म्हणजे जास्तीचं लोह बाहेर पडते," ती म्हणाली. "मलेबी होईन उद्या. पुढच्या मंगळवारी विचारा मले." मग तिनं परवानगी न विचारता मायची पापणी ओढली. नंतर माझी. "तिघीबी सारख्याच," ती म्हणाली. "तुमाले दम नाही लागत का, आजी, वावरात?"

"लागते," माय म्हणाली. "पन ते तं वयानं."

माय तेव्हा चाळिशीतही नव्हती.

केनवडची बस आली आणि गेली. नर्सबाईनं आम्हाला वाशीमच्या गाडीत बसवलं आणि स्वतः सोबत आली. मोठ्या दवाखान्यात वहिनीच्या बोटातून रक्त काढलं, कागदावर एक आकडा लिहून दिला. मायला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद पोलक्यात जपून ठेवला. वहिनीला इंजेक्शनं सुरू झाली, ती आठवडाभर तिथंच राहिली, आणि मग गोळ्या. आता माय गोळीच्या वेळी वहिनीसमोर बसायची आणि गिळल्यावर तोंड उघडायला लावायची. "जीभ वर कर. गालात तं नाही ठेवली?" तिचा संशय गेला नव्हता, फक्त त्याची जागा बदलली होती. मंगळवारी तिनं नर्सबाईला भर ओसरीत विचारलंच, झालं का काळं म्हणून. नर्सबाई लाजली आणि हो म्हणाली. माळ्यावरची कढई खाली आली. काही आठवड्यांनी वहिनी मला म्हणाली की सारवताना पांढऱ्या मातीचा वास आला, पण तोंडाला पाणी नाही सुटलं. आमच्यात एवढंच बोलणं राहिलं होतं.

बाळंतपण वाशीमलाच झालं. रक्त फार गेलं. भावाला रक्त द्यायला सांगितलं तेव्हा तो दाराशी उभा राहून डॉक्टरांना विचारत होता की यानं माणूस कायमचा कमजोर होतो का. मायनं त्याच्या शर्टाची बाही स्वतः वर केली. मुलगी झाली, हलकी, पण रडणारी. डॉक्टर एवढंच म्हणाले की चार महिन्यांपूर्वीच्या रक्तावर ही बाळंत झाली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोललो असतो. वहिनीची आई केनवडहून आली होती, लेकीला घेऊन जायला. गाठोडी बांधून झाली. वहिनी खाटेवर उठून बसली आणि पहिल्यांदा तिनं मायकडे सरळ पाहिलं.

"मी तुमच्या घरी येतो, आत्याबाई. पन मी शेवटी नाही जेवत आता. तुमीबी नोका जेवू."

माय गोंधळली. तिला राग आला नव्हता, खरंच समजलं नव्हतं. "मंग वाढन कोन?"

"ज्याले भूक लागली तो घेईन."

वहिनीची आई एकटीच केनवडला परतली, आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात पहिल्यांदा चौघं एका वेळी जेवायला बसलो. कढई मधोमध, भाकरीची टोपली बाजूला, बाळ वहिनीच्या मांडीवर. मायला बसवत नव्हतं. ती दोनदा उठली, दोनदा वहिनीनं तिचा पदर ओढून खाली बसवलं. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. प्रत्येक जण दुसऱ्याच्या ताटात किती भाजी आली ते चोरून बघत होता. भावाला ठसका लागला. त्यानं सवयीनं मायकडे पाहिलं, मग वहिनीकडे, मग माझ्याकडे. कुणीच हललं नाही. तो तसाच खोकत उठला, मडक्यापर्यंत गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या हातांत पाण्याचे चार गिलास होते, दोन भरलेले आणि दोन येता येता अर्धे सांडलेले.